अठ्ठावीस परस

आमच्या घरातल्या माणसांना जमिनीच्या पोटातलं जेवढं ठाऊक होतं, तेवढं जमिनीवरचं नव्हतं. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, विहिरी खोदायचे. त्यांचे वडीलही तेच करायचे आणि त्यांच्या वडिलांबद्दल कुणाला काही आठवत नसलं तरी त्यांच्याही हातात पहारच असणार. येवल्याच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं, पण वर्षातले आठ महिने त्याला कुलूप. जिथे विहीर, तिथे आम्ही. विहिरीच्या काठावर यारी उभी राहायची. यारी म्हणजे खालची दगडमाती वर ओढणारं यंत्र. तिच्या डिझेल इंजिनाची धकधक सकाळी सुरू झाली की ती पोटात शिरायची आणि संध्याकाळी इंजिन बंद झालं तरी पोटातली धकधक तासभर चालूच राहायची. आईला आम्ही बाई म्हणायचो. बाई काठावर तीन दगडांची चूल मांडून बाजरीच्या भाकरी थापायची, बरोबर लसणाचा ठेचा, कधी मटकीची उसळ, कांद्याची पात दिसली तर ती कच्चीच. भाकरीत खडीची बारीक कच यायची. शहरातली गिरणीच्या पिठाची मऊ भाकरी मला आजही अपुरी लागते, ते त्या कचेमुळे असेल.

सुरुंग लावला की नाना विहिरीतून वर येऊन तिन्ही बाजूंना तोंड करून ओरडायचे, "बार हाय, बार हाय, लांब व्हा." त्यानंतरच्या शांततेत कोंबड्यासुद्धा गप्प व्हायच्या. मग जमीन एकदा खालून धक्का द्यायची. आम्ही पोरं कानांवर हात ठेवून हसायचो. मी हे लिहिते आहे तेव्हा माझी नात शेजारी बसून विचारते, "आजी, भीती नाही वाटायची?" भीती वाटायला दुसरं काहीतरी माहीत असावं लागतं. आम्हाला तेवढंच माहीत होतं.

आमच्यात खोली फुटात मोजत नसत, परसात मोजत. माणसाने ताठ उभं राहून एक हात सरळ वर केला की टाचेपासून बोटाच्या टोकापर्यंत जी लांबी होते ती एक परस. नानांची परस सात फुटांची होती आणि त्या मापाचा एक बांबू घराच्या आढ्याला कायम बांधलेला असे. विहीर मोजायची वेळ आली की मालक आणि नाना दोघं काठावर यायचे, दोराला दगड बांधून तो खाली सोडायचे, आणि दोघांनी दोराला हात लावल्याशिवाय आकडा बोलायचा नाही, अशी रीत होती. एकट्याने मोजलेली विहीर मोजलेली धरत नसत. एकदा एक मालक नानांना म्हणाला, "आठ परस सांगा ना पाहुण्यांना, काय फरक पडतो?" विहीर होती सात परस. नाना म्हणाले, "दोर नेऊन देतो तुमाला. त्यालाच सांगा आठ बोलायला."

अशा घरातून मी नाशिकला कॉलेजात गेले. आमच्या घराण्यात कॉलेजचं दार बघितलेली मी पहिली. हे मी अभिमानाने सांगते आणि यापुढेही सांगणार, कुणाला मिरवणं वाटलं तर वाटो. भूगोल घेतला, कारण बारावीच्या पुस्तकात खडकांच्या थरांचं चित्र होतं आणि ते चित्र मला न वाचताच कळलं होतं. वसतिगृहात माझ्या खोलीत सुनंदा होती, लासलगावच्या मार्केट यार्डातल्या कारकुनाची मुलगी, बोलायला गोड आणि परीक्षेला घाबरट. वर्गात किरण नावाचा एक मुलगा होता. त्याला माझ्या घरचं काम कळल्यापासून तो मला "विहीरवाले" म्हणून हाक मारायचा. मी ओ द्यायचे. खोटं काय होतं त्यात?

शेवटच्या वर्षाला आमचे देवरे सर अभ्यासदौरा काढायचे. पेठच्या बाजूला, वनखात्याच्या राखीव जंगलात एक दरी आहे आणि तिच्या तोंडाशी एक उंच धबधबा. नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथे आता तिकीटखिडकी आहे, लोखंडी कठडा आहे, मक्याची कणसं भाजणारे आहेत, आणि कठड्यावर बसून फोटो काढणारे तर विचारू नका. आमच्या वेळी तिथे एक वनरक्षक होता, लाकडी फाटक होतं आणि फाटकाशेजारी एक पत्र्याची पाटी होती. ती कुणी रंगवली होती कोण जाणे. पाटीवर लिहिलं होतं, "धबधबा, उंची ३०० फूट".

दिवाळी नुकतीच सरली होती, धार अजून जाड होती. चाळीस जणांचा वर्ग दरीच्या समोरच्या कड्यावर पांगला. काम साधं होतं. क्लिनोमीटर नावाच्या छोट्या यंत्रातून धबधब्याचं डोकं आणि पाय बघायचे, दोन्हींचे कोन लिहायचे, मधलं अंतर नकाशावरून घ्यायचं आणि गणित करून उंची काढायची. मी आणि सुनंदाने तीनदा कोन घेतले. तिन्ही वेळा गणित एकशे नव्वदच्या आसपास घुटमळलं. शेवटी एकशे ब्याण्णव फूट धरलं.

किरण एका दगडावर बसून पेरू खात होता. त्याचं यंत्र पिशवीतच होतं.

"झालं तुझं?" मी विचारलं.

"कधीच. उत्तर पाटीवर लिहिलंय की. तीनशे. आता तीनशे यायला कोन किती पाहिजे ते काढायचं. कोन मागून आणायचा, विहीरवाले. पुढून आणायला वेळ लागतो."

सगळ्या वर्गाने कोन मागून आणले. परत येताना बसमध्ये जर्नलं एकमेकांच्या मांडीवरून फिरली. सुनंदाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि खोडरबर काढलं. "मला बाई डिग्री पाहिजे," ती म्हणाली. मी तिला दोष दिला नाही. पण माझं खोडरबर पिशवीतून निघेना.

आठवड्याने देवरे सरांनी मला टेबलाशी बोलावलं. सर बागलाणातले, सडसडीत, खिशाला दोन पेनं, आणि चूक दिसली की भुवई वर. माझं जर्नल उघडं होतं.

"एकोणचाळीस जणांचं तीनशे आणि तुझं एकशे ब्याण्णव. धबधबा तुला बघून बसला का खाली?"

वर्ग हसला.

"सर, तीनदा कोन घेतला."

"तीनदा चुकला. दुरुस्त कर, सही करतो. महिनाअखेर जर्नलं जमा आहेत. सही नाही तर प्रॅक्टिकल नाही, आणि प्रॅक्टिकल नाही तर काय, ते तुला माहीत आहे."

माहीत होतं. डिग्री नाही. येवल्याला परत, यारीच्या काठावर, डोक्यावर घमेलं. घमेल्याची लाज मला कधी वाटली नाही, पण तीन वर्षं शिकून खोट्या आकड्याची वाटली असती. मी म्हणाले, "सर, मी दोर सोडून मोजून दाखवते."

"दोर? एवढा दोर आणणार कुठून?"

"घरून."

आता वर्ग हसला तो वेगळा. किरण मागून म्हणाला, "सर, यारी पण येईल बरोबर." सरांनी चष्मा पुसला. त्यांना राग आला असावा, कारण ते अगदी हळू बोलले. "दहा वर्षं मी तीनशेवर सही करतोय. आण तुझा दोर. पुढच्या रविवारी मी स्वतः येतो. तीनशेच्या जवळ आला तर वर्गासमोर दुरुस्त करायचं."

शनिवारी निफाड, विंचूर करत येणाऱ्या एसटीने मी घरी आले. नाना लासलगावच्या बाजूला एका विहिरीवर होते, बाई दोन दिवसांसाठी घरी आली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी तव्यावर उलटली.

"धबधबा मोजून काय प्यायचाय का तुला?" ती म्हणाली. "लिहून टाक तीनशे. कुनी बघाया येतंय का?"

"बाई, तो एकशे ब्याण्णव आहे."

"मंग त्याला काय कमीपना वाटनार हाय का? धबधब्याला?"

मला हसू आलं आणि रडूही. संध्याकाळी नाना आले. त्यांनी चूळ भरली, बाईचं ऐकलं, माझं ऐकलं, आणि एवढंच विचारलं, "मास्तर सोता येनार हाय?" मी हो म्हणाले. "मंग झालं. दोघांनी दोर धरायचा. आपली रीत हाय ती."

रविवार उजाडेपर्यंत मधे आठवडा होता. मी वसतिगृहात परत गेलेच नाही, आठवडाभर तास बुडवले. नाना विहिरीवर गेले की मी घरी एकटीच दोर तयार करत होते. घायपाताचे चार दोर एकाला एक जोडले. मग ते ओट्यावर पसरून, नानांचा बांबू लावून, प्रत्येक परसाला लाल चिंधीची गाठ मारली. बत्तीस गाठी. नानांनी विचारलं, "मी करू का?" मी म्हणाले, "नाही, माझं मोजमाप आहे, मीच करणार." तिथेच मी चुकले, आणि विहीर खोदणाराच्या लेकीने करू नये अशी ती चूक होती.

रविवारी सकाळी आम्ही पाच जण फाटकाशी पोहोचलो. सर, नाना, मी, सुनंदा, आणि किरण. किरण का आला होता ते त्यालाच ठाऊक. तमाशा बघायला म्हणाला. नानांच्या खांद्यावर दोराचं पोतं बघून वनरक्षकाने फाटक अडवलं.

"दोर कशाला?"

"धबधब्याची उंची मोजायचीय," नाना म्हणाले.

"ही काय लिवलीय की पाटीवर."

"ती वाचता येत नाय मला," नाना म्हणाले. "म्हून मोजतो."

वनरक्षकाने सरांकडे बघितलं, सरांनी मान डोलावली, आणि तोही आमच्या मागे मागे आला.

धबधब्याच्या माथ्याशी नानांनी चप्पल काढून बाजूला ठेवली. विहिरीत उतरण्याआधी ते तसंच करायचे. वाकून पाण्याला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि मग पोटावर झोपून कड्याच्या टोकाशी सरकले. खाली दरी उघडी होती. समोरच्या भिंतीवर खडकांचे थर एकावर एक, काळा, मध्ये विटकरी पट्टा, खाली पुन्हा काळा. नाना बराच वेळ तिकडेच बघत राहिले. मी म्हणाले, "नाना, चक्कर येतेय का?" ते म्हणाले, "थांब गं. मी जलमभर इहीर आतून बघितली. हितं कुनीतरी एक बाजू काढून ठेवलीय."

किरणला सुनंदाने खाली पाठवलं. "तमाशा बघायचाय ना, मग खालून बघ." पायवाटेने उतरायला त्याला अर्धा तास लागला. दगड डोहाच्या कडेला टेकला की त्याने रुमाल हलवायचा असं ठरलं. दोर मी सोडायचा, नानांनी मला कमरेला धरायचं, आणि सरांनी दोराला हात लावून ठेवायचा, अशी मांडणी नानांनीच केली. सर ओले होत होते, तुषार सगळ्यांच्या अंगावर येत होते, पण दोराचा हात त्यांनी सोडला नाही.

एकदा दगड मधल्या कपारीत अडकला. सगळा दोर ओढून वर घेतला, चार हात बाजूला सरकून पुन्हा सोडला. लाल गाठी एकेक करून सरांच्या मुठीतून खाली जात होत्या आणि सर मोठ्याने मोजत होते. वीस. पंचवीस. सव्वीस. सत्तावीस. अठ्ठावीस. दोर इथेच थांबावा असं माझा जीव म्हणत होता, कारण अठ्ठाविसाला एकशे शहाण्णव फूट होत होते. रुमाल हलला नाही. एकोणतीस. तिसावी गाठ सरांच्या मुठीत आली आणि खाली एक पांढरा ठिपका हलला.

"तीस परस," सर म्हणाले. "सात फूट एक. दोनशे दहा." त्यांनी चष्म्यावरचं पाणी झटकलं. "तीनशे नाही, हे मान्य. पण तुझं ब्याण्णवही नाही. अठरा फुटांचा फरक. म्हणजे तुझे कोनही असेच घेतलेले."

दोर खोटं बोलत नाही हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, आणि आता तोच माझ्याविरुद्ध बोलत होता. सुनंदा हळूच म्हणाली, "दोनशे दहा लिहून टाक ना, मंगल." मी जर्नल उघडलंही असतं. पण नानांनी तिसाव्या गाठीपाशी दोराला वेगळी खूण बांधली, दगडासकट सगळा दोर वर ओढला आणि चपट्या खडकावर पसरला. घायपाताचा तो दोर पिळून पाणी निघावं इतका भिजला होता.

"मंगे, गाठी कधी मारल्या?"

"मंगळवारी. ओट्यावर."

"कोरडा दोर?"

माझ्या कानापर्यंत आग गेली.

"इहिरीत कोरडा दोर मोजून सोडतो का आपन? भिजला की आखडतो तो. मी भिजवल्याबिगर एक गाठ मारत नाय, आन् तू..." सरांसमोर मुलीला रागावायचं नव्हतं त्यांना. ते खडकावर आडवे झाले, टाच दोराच्या दगडाशी, हात डोक्यावरून सरळ ताणलेला. "मास्तर, माझ्या बोटाशी खूण करा," ते म्हणाले. सर गुडघे टेकून बसले आणि खूण करू लागले. नाना पुढे सरकायचे, पुन्हा आडवे व्हायचे. एक सडपातळ म्हातारा ओल्या खडकावर झोपत, सरकत, झोपत धबधबा मोजत होता आणि माझे सर रांगत त्याच्यामागे जात होते. अठ्ठाविसावी परस त्या वेगळ्या खुणेशी बरोबर येऊन टेकली.

सरांचा तेवढ्यावर विश्वास बसला नाही, आणि हे मला त्यांचं फार आवडलं. त्यांनी पिशवीतून स्वतःचा टेप काढला आणि माझ्या दोन गाठींमधलं अंतर मोजलं. साडेसहा फुटांपेक्षा बोटभर जास्त. सात नव्हे. दुसऱ्या दोन गाठी घेतल्या, तेवढंच. जरा वेळ ते तोंडातल्या तोंडात गुणाकार करत राहिले.

"एकशे शहाण्णव," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुझं यंत्र म्हणतं ब्याण्णव. चार फूट तर हात थरथरला तरी येतात."

मग सर नानांच्या शेजारी त्या ओल्या खडकावर बसले. कॉलेजात शुद्ध पुस्तकी बोलणारे आमचे सर एकदम त्यांच्या गावच्या बोलीत गेले. "खरं शे, बाबा. दहा वर्षं शिकवलं मी हे. एकदा पण मोजलं नाही." नानांनी तंबाखूची चंची काढून पुढे केली. सर तंबाखू खात नसत. त्या दिवशी त्यांनी चिमूटभर घेतली आणि ठसकले.

मग त्यांनी समोरच्या भिंतीतल्या विटकरी पट्ट्याकडे बोट करून विचारलं, "असा लाल थर तुमच्या विहिरीत लागतो का?"

"लागतो की. तो लागला म्हंजी आमी घन हळू चालवतो. त्याच्यावर पानी बसलेलं आसतं. वरचा काळा फोडाया लय जड, पन लाल आला की बाईला सांगतो, आता गूळ आन." नानांनी दरीच्या खालपासून वरपर्यंत बोट फिरवलं. "ह्या भिंतीत तीन जागी पानी हाय बघा. तिथं, तिथं आन् त्या झाडाच्या मुळाशी." सरांनी बघितलं. तिन्ही जागी खडक ओला चमकत होता. ते वहीत लिहू लागले. माझे वडील सांगत होते आणि माझे प्राध्यापक लिहून घेत होते. माझ्या आयुष्यात पुढे पदवीदान झालं, नोकरी लागली, मुख्याध्यापिका झाले, निरोपसमारंभात शाली मिळाल्या. पण त्या खडकावर जी छाती फुगली होती तशी पुन्हा फुगली नाही.

सरांनी माझं जर्नल मागितलं. टेबल नव्हतं, म्हणून गुडघ्यावर ठेवलं. एकशे ब्याण्णवच्या खाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, "दोराने पडताळणी केली, १९६ फूट." त्याखाली सही. तुषारांनी शाई पसरली आणि सहीचा निळा डाग झाला. मी म्हणाले, "सर, ऑफिसात चालेल का अशी?" ते म्हणाले, "नाही चालली तर मला बोलवायला सांग."

किरण चढून वर आला तेव्हा घामाने निथळत होता आणि त्याला काहीच कळलेलं नव्हतं. "किती आलं?" म्हणाला. सुनंदाने सांगितलं. तो नानांकडे बघत राहिला, मग पुढे होऊन त्याने दोराचं पोतं स्वतःच्या खांद्यावर घेतलं. फाटकापर्यंत उतरवलं नाही.

सोमवारी सर वर्गात आले ते हातात चाळीस नव्हे, एकोणचाळीस जर्नलं घेऊन. ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि सांगितलं की या सगळ्यांवरचं तीनशे रद्द, येत्या रविवारी सगळ्यांनी परत दरीवर यायचं, आणि यंत्र पिशवीतून बाहेर काढायचं. वर्गात असा सुस्कारा उठला की खिडकीतलं कबूतर उडालं. त्या वर्षी मी बी.ए. झाले, आमच्या घराण्यातली पहिली, आणि प्रॅक्टिकलला पहिला नंबर आला.

पण मला त्याहून लख्ख आठवतो तो त्याच सोमवारचा मधल्या सुट्टीचा प्रसंग. मी डबा उघडून बसले होते. किरण समोरच्या बाकावर येऊन बसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला नावाने हाक मारली.

"मंगल, तुझा वरचा कोन किती आला होता गं? म्हणजे बाकीचं मी बसवतो."

मी ठेच्याचा घास तोंडात टाकला, सावकाश चावला, आणि म्हणाले, "रविवारी जातोयस ना? मग घे मोजून."